गृहीतागमा

इ. स. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांच्या निराळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली, व पुढील वर्षीच ती अंमलात आणली. जपानातील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती, हे निमित्त. अभ्यासक्रम मात्र येथल्या गरजेतून ठरला. मुंबई विद्यापीठात इतिहास असो की तर्कशास्त्र, सारे इंग्रजीतून शिकावयाचे. कर्व्यांनी इंग्रजी हा विषय ठेवला, पण शिक्षणाची भाषा मातृभाषा केली. जोडीस गृहशास्त्र व आरोग्य हे विषय घातले, आणि पदवीस नाव दिले ‘गृहीतागमा’; म्हणजे जिने शास्त्र आत्मसात केले ती.

चूल कोणी सांभाळावी याचा निकाल अभ्यासक्रमानेच लावून टाकावा, हे आम्हांस पटत नाही. परंतु भाषेचा निर्णय आम्ही थोर मानतो. हिंगण्याच्या आश्रमातील कित्येक विधवांचा श्रीगणेशाच मोठ्या वयात झालेला. त्यांनी तर्कशास्त्र शिकावे की परभाषेतील शब्द घोकावेत? पहिले कुलपती झाले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांपैकी एक. इंग्रजी अभ्यासक्रमाच्या पहिल्या फळाने मराठी अभ्यासक्रमास आशीर्वाद द्यावा, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली ती १९५१ साली. तोवर, म्हणजे सुमारे ३५ वर्षे, गृहीतागमा झालेल्या मुलींच्या पदवीमागे सरकारी सनद नव्हती; तरी त्या शिकावयास येतच राहिल्या.