कित्ता आणि निबंध

तुम्ही तंजावरला असा, बडोद्याला असा की इंदूरला, मराठी कारभाराचे मोडी कागद तुमच्या शहरानं पाहिलेले आहेत. ते लिहिणारे हात तयार कसे होत, आणि त्या शिकवणीत काय राहून गेलं, हा आजचा विषय.

सुरुवात धूळपाटीवर बोटानं. मग कित्ता समोर ठेवून बोरूनं तेच वळण पुन्हा पुन्हा गिरवायचं. पुढे दप्तरात उमेदवारी. जुन्या कारकुनाशेजारी बसून कोणाला कोणता मायना, हिशेब कसा मांडायचा, नक्कल कशी करायची, हे पाहून पाहून उचलायचं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखं असावं, आणि कागदाच्या कडा मोकळ्या सोडाव्यात, म्हणजे कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहील. किती व्यवहारी शिकवण! पण ती सांगितली आहे ब्राह्मणाला. लेखणी कोणाच्या हाती असावी, हे तिथे आधीच ठरलेलं आहे.

आता पुण्यात येऊ, साल 1855. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने 15 फेब्रुवारी आणि 1 मार्चच्या अंकांत छापला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा रोखठोक प्रश्न ती त्यात विचारते. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे ती लिहिते.

आणि एक गोष्ट तर थेट आपल्या विषयाची. बाजीरावाच्या काळात एखादा महार किंवा मांग वाचायला शिकला तर त्याला शिक्षा होई, असं ती सांगते. कारण? यांना दप्तराचं काम दिलं तर ब्राह्मणांनी काय धोकटी घेऊन हजामती करत फिरायचं? बाजीरावाच्या तोंडी तिनं घातलेला सवाल साधारण असा आहे. म्हणजे लेखणी ही भाकरी आहे आणि सत्ताही, हे त्या मुलीनं नेमकं ओळखलं होतं.

माझ्या मते लेखन-शिक्षणाच्या मराठी इतिहासातला हा मोठा वळणबिंदू आहे. दप्तरानं दुसऱ्याचा मजकूर नेटका उतरवायला शिकवलं. या शाळेतून आलेल्या मुलीनं स्वतः पाहिलेलं, सोसलेलं मांडलं आणि त्यावर युक्तिवाद उभा केला. असा निबंध कित्ता गिरवून येत नाही. तुझं म्हणणं कागदावर येण्याजोगं आहे, हा भरवसा कोणीतरी द्यावा लागतो.

मी शाळांत आणि कचेऱ्यांत लेखनाचे वर्ग घेतो. मागणी बहुतेक वेळा नमुन्यांचीच असते: अर्जाचा नमुना, अहवालाचा नमुना, दहा गुणांच्या निबंधाचे ठरलेले मुद्दे. नमुना हवाच; कडा सोडल्या नाहीत तर मजकूर जातो. पण शिपायाला, परिचारिकेला, मागच्या बाकावरच्या मुलीला ‘तुम्ही काय पाहिलंत ते लिहा’ असं आपण सांगतो का? लेखनाचा वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाला माझा हा प्रश्न आहे. कारण नुसत्या नमुन्यांवर थांबलो, तर आपण आजही नकलाकारच तयार करत राहू.