चोंगदोंग : वकिलातींच्या सावलींतील राजवाडा

कोरियाची राजधानी सोल. तिच्या मध्यभागीं, दोक्सू राजवाड्याच्या पश्चिमेस, चोंगदोंग नांवाचा एक लहानसा भाग आहे. राजवाड्याच्या दगडी भिंतीच्या कडेनें निघालें, तर घटकाभरांत तो पाहून होतो; परंतु एका राष्ट्राचें स्वातंत्र्य कसें गेलें, याची साक्ष देणाऱ्या बहुतेक वास्तु एवढ्याच वाटेवर उभ्या आहेत.

१८८२ सालीं अमेरिकेशीं तह करून कोरियानें पाश्चात्त्यांस दार उघडलें आणि परदेशी वकिलाती येथें येऊं लागल्या. त्यांच्यामागून मिशनरी आले. १८८५ सालीं मुलांसाठीं पेजे आणि १८८६ सालीं मुलींसाठीं इह्वा, अशा दोन शाळा त्यांनीं काढल्या. १८९७ सालीं पुरें झालेलें त्यांचें लाल विटांचें चर्च आजही उभें आहे.

ऑक्टोबर १८९५ मध्यें जपानी मारेकऱ्यांनीं राणी मिन हिचा राजवाड्यांत शिरून वध केला. पुढील फेब्रुवारींत राजा गोजोंग स्त्रियांच्या पालखींत लपून निसटला आणि त्यानें चोंगदोंगमधील रशियन वकिलातींत आसरा घेतला. वर्षभर राज्यकारभार तेथूनच चालला. त्या इमारतीचा आज केवळ पांढरा मनोरा उरला आहे. बाकीचा भाग कोरियन युद्धांत नष्ट झाला.

१८९७ सालीं राजा बाहेर पडला तो जुन्या मुख्य राजवाड्यांत न जातां वकिलातींच्या शेजारच्या या राजवाड्यांत आला. त्याच वर्षीं त्यानें सम्राटपद धारण केलें. शेजार बलवान, तेव्हां आपण निर्भय, असा हा हिशेब होता.

तो चुकला. १७ नोव्हेंबर १९०५ रोजीं, भोंवतीं जपानी सैन्य उभें असतां, जुंगम्योंगजोन या विटांच्या दुमजली इमारतींत कोरियाचा परराष्ट्रव्यवहार जपाननें हिरावून घेणारा करार झाला. वकिलाती एकेक करून उठल्या. ज्या अमेरिकेनें पहिला तह केला, तिनेंच सर्वांआधीं आपली वकिलात हलविली. १९०७ सालीं सम्राटानें हेग येथील परिषदेस तीन दूत धाडले. त्यांना प्रवेश मिळाला नाहीं आणि सम्राटास मात्र पदत्याग करावा लागला.

राजवाड्याच्या आवारांत १९०० सालीं पाश्चात्त्य धर्तीची एक भव्य दगडी इमारत सुरू झाली होती. ती १९१० सालीं पुरी झाली आणि त्याच वर्षीं कोरिया जपानच्या राज्यांत विलीन करण्यांत आला. १९४६ सालीं याच इमारतींत अमेरिका आणि रशिया यांचे प्रतिनिधी कोरियाच्या भवितव्याचा विचार करावयास बसले. त्यांचें जमलें नाहीं. १९४८ सालीं देशाचीं दोन राज्यें झालीं. बोलणें कोरियाविषयीं होतें. परंतु निर्णय याही वेळीं परक्यांच्याच हातीं होता.