डीबीटीचा जन्म : स्वीकार आणि बदल

१/ १९६१. अमेरिकेतील हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात १७ वर्षांची मार्शा लिनेहन दाखल झाली. स्वतःला इजा करून घेणाऱ्या या मुलीला तेथे एकांत खोलीत ठेवले गेले, विजेचे झटकेही दिले गेले.

२/ पुढे लिनेहन सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ झाल्या. आत्महत्येच्या उंबरठ्यावरील रुग्णांवर उपचार करताना त्यांना दिसले : केवळ ‘बदला’ म्हटले, तर रुग्णाला आपले दुःखच नाकारल्यासारखे वाटते, केवळ सहानुभूती दाखवली, तर दुःख तसेच राहते.

३/ म्हणून त्यांनी स्वीकार आणि बदल यांची सांगड घातली. हेगेल-मार्क्समुळे आपल्याला परिचित असलेला ‘द्वंद्वात्मक’ हा शब्द उपचाराच्या नावात आला तो असा : डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी.

४/ तिची चार कौशल्ये : सजगता, क्लेश सोसणे, भावनांचे नियमन, नात्यांतील संवाद. उदाहरणार्थ, धोका खरा नसताना भीती पळायला सांगत असेल, तर पाऊल जाणीवपूर्वक पुढे टाकायचे.

५/ १९९१ च्या चाचणीत या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रसंग घटल्याचे दिसले. २०११ मध्ये लिनेहन यांनी त्याच रुग्णालयात आपला भूतकाळ जाहीर केला. एका रुग्णाचा अनुभव या उपचाराच्या मुळाशी होता, हे तेव्हा जगाला कळले.