वर्तणूक : चांगली

न्यूयॉर्कमध्ये एके काळी नावावर गुन्हा असणं नर्सच्या कामाला आड येत नसे. उलट, वॉर्डात शिरायची ती एक वाटच होती. बेलव्ह्यू हे तिथलं शहराच्या पैशावर चालणारं मोठं इस्पितळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे रुग्णांची उस्तवार करणाऱ्या बऱ्याच बायका पोलीस कोर्टातून आलेल्या असत. एखादी दारू पिऊन रस्त्यात पडली किंवा वेश्याव्यवसायात सापडली, की मॅजिस्ट्रेट दहा दिवसांची शिक्षा ठोठावी आणि तुरुंगाऐवजी तिला इस्पितळात धाडी. त्यांना नावच पडलं होतं ‘दहा दिवसवाल्या’. रुग्णांना औषध म्हणून दिलेली ब्रँडी कोणाच्या पोटात जात असेल, हे सांगायला नको.

आज त्याच देशात नर्सच्या लायसन्सचा अर्ज भरताना बहुतेक राज्यांत एक प्रश्न समोर येतो : तुम्हाला कधी कोणत्या गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं आहे का? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. हा चौकोन आला कुठून, हे शोधत मागे गेलं की पहिला मुक्काम लागतो तो लंडनचा.

१८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने सेंट टॉमस इस्पितळात शाळा निघाली. तिथे प्रत्येक शिकाऊ मुलीच्या नावाचा एक छापील तक्ता असे आणि मेट्रन मिसेस वॉर्डरोपर तो दर महिन्याला भरत. त्याचे दोन भाग होते. एक कामाचा : पट्ट्या बांधणं, अंथरुणं करणं, रुग्णाला आंघोळ घालणं. दुसरा भाग शीलाचा, आणि त्यातले रकाने वाचून गंमत वाटते : वक्तशीरपणा, शांतपणा, भरवसा, नीटनेटकेपणा, वॉर्डाची व्यवस्था. शेरे ‘उत्तम’पासून उतरत थेट शून्यापर्यंत. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि हेडमास्तर तिथे डोळे मिटून ‘चांगली’ लिहितात. मिसेस वॉर्डरोपरना डोळे मिटायची सोय नव्हती, कारण पुढच्या महिन्यात तोच तक्ता पुन्हा समोर यायचा. शील म्हणजे रोज सकाळी वॉर्डात डोळ्यांना दिसणारी गोष्ट, असा तो हिशेब होता. मुलगी पूर्वी कोण होती, यापेक्षा या महिन्यात कशी वागली, याला तिथे जागा जास्त होती.

हाच नमुना बेलव्ह्यूत आला. १८७२ साली लुइसा ली स्कायलर या बाईंनी उभ्या केलेल्या महिला समितीने इस्पितळाची पाहणी केली आणि तिथली दशा पाहून ती हादरून गेली. १ मे १८७३ रोजी तिथे नाइटिंगेलच्या धर्तीवरची शाळा सुरू झाली. आता घराण्यातल्या, शिकलेल्या, शिफारसपत्र आणणाऱ्या मुली हव्या होत्या. ‘दहा दिवसवाल्या’ मागल्या दाराने गेल्या. पुढे शाळेतून बाहेर पडलेल्या नर्सबायांना ‘आम्ही त्यांतल्या नव्हेत’ हे ठसवत राहणं भाग होतं आणि त्यासाठी त्यांना सरकारी शिक्का हवासा वाटू लागला.

त्या शिक्क्याला सर्वांत कडवा विरोध कोणी केला? नाइटिंगेलबाईंनीच. १८८७ साली एथेल फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन निघाली आणि नोंदणीचा कायदा मागू लागली. नाइटिंगेल यांचं म्हणणं असं, की परीक्षा घेऊन ज्ञान मोजता येईल, शील मोजता येणार नाही. आणि एकदा रजिस्टरात नाव चढलं की ती बाई आज कशी आहे, हे त्यातून कळणार कसं? मला हा युक्तिवाद त्यांच्या हट्टी स्वभावाइतकाच आवडतो. १९१० साली त्या गेल्या. ब्रिटनमध्ये कायदा झाला तो १९१९ साली.

अमेरिका इतकी थांबली नाही. न्यूझीलंडने १९०१ साली कायदा करून वाट दाखवली होती. १९०३ च्या मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिनाने तसा कायदा केला आणि त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया पाठोपाठ आले. नॉर्थ कॅरोलिनात नाव नोंदवायचं ते काउंटीच्या कोर्टाच्या कारकुनाकडे. ज्याच्या कपाटात फौजदारी खटल्यांची दप्तरं, त्याच्याच टेबलावर नर्सचं रजिस्टर. राज्याराज्यांच्या कायद्यांत एक शब्दसमूह ठरल्यासारखा येऊ लागला : उमेदवार ‘चांगल्या नैतिक शीलाची’ असावी. शील म्हणजे काय, ते ठरवायचं कसं, यावर चकार शब्द नाही.

ती पोकळी भरायला एक निकाल आधीच तयार होता, आणि तो होता एका डॉक्टरचा. न्यूयॉर्कच्या हॉकर नावाच्या डॉक्टरला १८७८ साली गर्भपाताच्या गुन्ह्यात दहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा संपली. नंतर १८९३ साली राज्याने कायदा केला, की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने वैद्यकी करू नये. हॉकर करत होते, म्हणून १८९६ साली त्यांच्यावर नवा खटला. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी राज्याची बाजू घेतली. न्यायमूर्ती ब्रूअर यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा : शील ही पात्रतेची अट आहे, आणि जुनी शिक्षा हा शील बिघडल्याचा पुरावा राज्याने पक्का मानला तर चालेल, माणूस पुढे खरोखर सुधारला असला तरी. न्यायमूर्ती हार्लन यांचं मत वेगळं होतं. त्यांच्या लेखी भोगून संपलेल्या शिक्षेवर ही नवी शिक्षाच चढवली जात होती.

इथे रकाना बदलला. मेट्रनच्या डोळ्यासमोरचं शील उचललं गेलं आणि कोर्टाच्या कागदात जाऊन बसलं.

कोर्टातला कागद नेमका याच माणसाचा, हे पटवणारा धागा मात्र बंगालातून गेला. जुलै १८५८ मध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या गोऱ्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि तो उद्या उलटू नये म्हणून त्याच्या अख्ख्या पंजाला शाई फासून कागदावर उमटवला. गुन्ह्याचा इथे संबंधही नव्हता. १८९७ साली मात्र कलकत्त्यात गुन्हेगार ओळखण्यासाठी बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवण्यात डोकं घातलं. पद्धतीला नाव लागलं ते साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. ती पद्धत १९०१ साली स्कॉटलंड यार्डात गेली आणि तिथून अमेरिकेत. १९२४ साली वॉशिंग्टनमध्ये देशभरच्या ठशांचं एकच दप्तर झालं. आज नर्सच्या अर्जदाराचे ठसे त्याच दप्तराच्या संगणकातल्या वारसदाराशी ताडून पाहतात.

जाळं बारीक झालं, पण त्यात सापडतं ते कोर्टापर्यंत गेलेलंच. चार्ल्स कलन हा नर्स न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात सोळा वर्षं इस्पितळं बदलत राहिला. सहकाऱ्यांना संशय येई, इस्पितळ त्याला गुपचूप निरोप देई, पुढचं इस्पितळ कामावर घेई. २००३ साली अटक झाल्यावर त्याने २९ खून कबूल केले. दर महिन्याचा तक्ता कोणी भरत नव्हतं, आणि भरला असता तरी पुढच्या इस्पितळाला दाखवला नसता.

२०१८ पासून नर्सच्या लायसन्सबाबत लागू झालेल्या राज्यांच्या नव्या करारात गंभीर गुन्हा नावावर असेल तर अनेक राज्यांत चालणारं लायसन्स मिळत नाही. एकाच राज्यापुरतं मिळू शकतं. कॅलिफोर्नियाने उलटी वाट धरली : २०२० पासून तिथे, अति गंभीर गुन्हे सोडले तर, सात वर्षांपूर्वीची शिक्षा लायसन्स नाकारायला पुरत नाही, आणि अर्जदाराला जुना गुन्हा सांगायची सक्ती करायला नर्सिंगच्या मंडळाला बंदी आहे. ठसे मात्र घेतातच.

टेक्सासची सोय मला त्यातल्या त्यात माणुसकीची वाटते. तिथे नर्सिंगच्या शाळेत पाऊल टाकण्याआधीच मंडळाला विचारता येतं, की माझ्या या जुन्या प्रकरणानंतर तुम्ही मला लायसन्स द्याल का? म्हणजे तीन-चार वर्षं आणि कर्जाचा पैसा घालून शेवटी दार बंद, असं होत नाही. अर्जासोबत कोर्टाचे कागद लागतात, काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. आणि आपण बदललो हे दाखवायला जोडता येतात सध्या ज्यांच्या हाताखाली काम करतो त्यांची पत्रं : वेळेवर येते का, भरवसा टाकता येतो का, काम नीट करते का.