पाळणा लांबवा, असं सांगणारा प्राध्यापक

‘पाळणा लांबवणे’ हे शब्द मी पहिल्यांदा आजीकडून ऐकले. तिच्या आईची, म्हणजे माझ्या पणजीची, नऊ बाळंतपणं झाली. दर वर्ष-दीड वर्षाला एक. जगली चारच मुलं. थांबता येतं, हे पणजीला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगणारा माणूस होता, पण तो मुंबईत. रघुनाथ धोंडो कर्वे. विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी पत्नी मालतीबाईंच्या साथीनं संततिनियमन केंद्र सुरू केलं. याच कामापायी १९२५ मध्ये प्राध्यापकी सुटली. तरी गप्प बसले नाहीत. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं.

आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणाचा विचार किमान २४ महिन्यांनी करा. आईच्या अंगातलं रक्त भरून यायला वेळ मिळतो, अंगावरच्या बाळाचं दूधही तुटत नाही.

एवढं साधं बोलण्यासाठी कर्व्यांनी नोकरी गमावली. आपल्याला तर फक्त लाज सोडायचीय. आज घरी विषय काढाल ना?