लघुमूर्तींवरील दाढीच्या खुंटांचे रंगकाम

दाढीच्या खुंटांचे रंगकाम हे स्केल मॉडेलच्या छंदातील, लघुमूर्ती रंगविण्याचे एक तंत्र होय. प्लास्टिक, रेझिन वा धातूच्या मूर्तीच्या चेहऱ्यावर एक-दोन दिवस वाढलेल्या दाढीचा भास केवळ रंगाने निर्माण करणे, हा त्याचा हेतू. रणांगणावरील सैनिक, खलाशी, कामगार यांच्या मूर्तींत थकवा सूचित करण्यासाठी ते विशेषेकरून वापरले जाते.

प्रमाणाचा प्रश्न

जपानमधील तामिया कंपनीच्या संचांमुळे रूढ झालेल्या १:३५ या प्रमाणात माणसाचे डोके जेमतेम साडेसहा मिलिमीटर उंचीचे असते. दाढीचा केस ०.१ मिलिमीटर जाड धरल्यास या प्रमाणात त्याची जाडी सुमारे ०.००३ मिलिमीटर भरते. इतकी बारीक रेघ कोणत्याही कुंचल्याने काढता येत नाही. उलट, कुंचल्याच्या टोकाने टेकवलेला ०.१ मिलिमीटरचा ठिपका खऱ्या चेहऱ्यावर साडेतीन मिलिमीटरचा, म्हणजे सुतळीएवढ्या जाडीचा केस ठरेल. नवशिक्यांनी दिलेले काळे ठिपके त्यामुळे दाढीऐवजी चिखलाच्या शिंतोड्यांसारखे दिसतात. शिवाय ३० सेंटिमीटरवरून न्याहाळलेली अशी मूर्ती म्हणजे साडेदहा मीटरवरून पाहिलेला माणूस. एवढ्या अंतरावरून सुटे खुंट दिसत नाहीत, हनुवटीचा पालटलेला रंग तेवढा जाणवतो. रंगवायचा असतो तो हाच पालट.

गोऱ्या वर्णावर हा रंग निळसर करडा भासतो, कारण काळ्या केसांची मुळे अर्धपारदर्शक त्वचेतून जाणवतात. गव्हाळ वा सावळ्या वर्णावर मात्र तोच करडा राख फासल्यासारखा दिसतो. तेथे गडद तपकिरीत किंचित निळा वा जांभळा मिसळणे योग्य.

कृती

चेहऱ्यावरील छायाप्रकाश आधी पूर्ण करून वाळू देतात. मग त्वचेच्याच मूळ रंगात थोडा निळसर करडा मिसळून, ॲक्रिलिक रंग असल्यास पाण्याने तो इतका पातळ करतात की एक हात जेमतेम दिसावा. कुंचला कागदावर टिपून घेणे अत्यावश्यक आहे, अन्यथा रंग ओघळून खळग्यांत साचतो. वरचा ओठ, हनुवटी, जबड्याची कड आणि गळ्याचा वरचा भाग यांवर असे तीन ते पाच हात देतात. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. फटकारा जेथे संपतो तेथे रंगद्रव्य अधिक जमते, म्हणून तो हनुवटीच्या दिशेने संपवावा. गालावरची कड विरत गेली पाहिजे; ती ठळक राहिली तर मुखवटा चढविल्यासारखे वाटते. ओठ या रंगापासून वाचवून गालाच्या वरच्या भागास किंचित तांबूस छटा दिल्यास करडेपणा उठून दिसतो. निव्वळ काळा रंग वापरू नये.

तैलरंग सावकाश वाळत असल्याने कोरड्या कुंचल्याने कड विरविण्यास भरपूर अवधी मिळतो. १:१० सारख्या मोठ्या अर्धपुतळ्यांवर या छटेवर थोडेसेच गडद, विरळ ठिपके देता येतात.

ऐतिहासिक औचित्य

खुंट कोणाला शोभतात, हेही पाहावे लागते. ब्रिटिश सैन्यात वरचा ओठ भादरण्यास ऑक्टोबर १९१६ पर्यंत नियमाने मनाई होती. त्यामुळे १९१४ च्या ब्रिटिश सैनिकास सहसा मिशी हवी, खुंट फक्त हनुवटी व गालांवर. केस न कापणाऱ्या शीख सैनिकाच्या मूर्तीस हे तंत्र गैरलागू आहे.