ओपोले : लोकांनी राखलेला प्रांत



आजच्या गप्पांसाठी आम्ही जरा लांबचा मुलूख निवडला आहे. युरोपातल्या पोलंड देशाचे १६ प्रांत आहेत. त्यांतला सगळ्यांत लहान प्रांत ओपोले. क्षेत्रफळ सुमारे ९,४०० चौरस किलोमीटर, वस्ती दहा लाखांच्या आत. देशाच्या दक्षिणेला, पश्चिमेचं व्रोत्सवाफ आणि पूर्वेचं कातोवित्से या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये तो आहे, आणि त्यातून ओद्रा नदी वाहते. हा प्रांत १९९८ साली नकाशावरून पुसला जाणार होता. तो तिथल्या लोकांनी राखला. तो कसा राखला आणि आज त्याचा कारभार कोण चालवतं, ते आज सांगायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. हा सगळा सायलेशियाचा भाग. इथे आधी पोलिश सरदारघराण्याचं राज्य होतं, मग ऑस्ट्रियाचे हाब्सबुर्ग राजे आले, अठराव्या शतकात प्रशिया आला आणि पुढे जर्मनी. घरात एक बोली, शाळेत दुसरी भाषा, हे इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. पहिल्या महायुद्धानंतर प्रश्न आला, हा मुलूख जर्मनीचा की पोलंडचा? २० मार्च १९२१ रोजी वरच्या सायलेशियात लोकांचं मत घेतलं गेलं. वीस वर्षांवरच्या स्त्रियांनाही त्यात मत होतं. सुमारे ६० टक्के मतं जर्मनीकडे आणि ४० टक्के पोलंडकडे पडली. त्याच वर्षी मे महिन्यात संत अन्नेच्या टेकडीवर दोन्ही बाजूंची मोठी लढाई झाली. शेवटी मुलूख वाटला गेला आणि ओपोले जर्मनीत राहिलं.

१९४५ साली सगळंच उलटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकल्या. ओपोले पोलंडला मिळालं आणि असंख्य जर्मन कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. त्यांच्या रिकाम्या घरांत पूर्व पोलंडमधली माणसं आली, कारण त्यांची गावं सोव्हिएत संघाकडे गेली होती.

हा पूर्व पोलंड आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९४० साली तिथून हजारो कुटुंबं सायबेरियात नेली गेली. त्यांतल्या सुमारे ५,००० जणांना पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आसरा मिळाला. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. १९४३ ते १९४८ ती छावणी होती. वळिवड्याच्या त्या बायकांच्या मुलखातलीच मागे राहिलेली माणसं युद्धानंतर ओपोलेसारख्या भागात नव्याने चूल मांडत होती. पण ओपोलेचे सगळेच जुने रहिवासी गेले नव्हते. पुष्कळ सायलेशियन कुटुंबं तिथेच राहिली. म्हणून पोलंडमधला सर्वांत मोठा जर्मन अल्पसंख्य समाज आजही याच प्रांतात आहे. कम्युनिस्ट राजवटीत त्यांना आपली भाषा उघडपणे वापरता येत नव्हती. १९८९ नंतर ते दिवस पालटले.

ओपोले प्रांत १९५० साली तयार झाला. १९७५ मध्ये सरकारने देशाचे ४९ लहान प्रांत केले, तेव्हा ओलेस्नोसारखा भाग त्यातून निघून गेला. मग १९९८ मध्ये सरकारने ठरवलं की ४९ फार झाले, १२ मोठे पुरेत. त्या यादीत ओपोले नव्हतं.

आदल्याच वर्षी, जुलै १९९७ मध्ये, ओद्रेला महापूर आला होता. ओपोले शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. लोक अजून भिंती वाळवत होते, तोवर ही बातमी आली. मग नागरिकांची समिती उभी राहिली, सह्या गोळा झाल्या, आणि मे १९९८ मध्ये लोकांनी हमरस्त्यावर उभं राहून, हातात हात धरून मैलोन्‌मैल माणसांची साखळी केली. पूर्वेकडून आलेल्यांची नातवंडं आणि जर्मन बोलणाऱ्यांची मुलं त्यात शेजारी शेजारी उभी होती. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या असतील, ती माणसं एकाच प्रांतासाठी एकत्र आली. संसदेने प्रांतांची संख्या वाढवून १५ केली, राष्ट्राध्यक्षांनी तो कायदा परत पाठवला आणि शेवटी १६ वर तोडगा निघाला. त्यात ओपोले होतं. १ जानेवारी १९९९ पासून नवी रचना सुरू झाली आणि ओलेस्नोही परत आलं.

आता कारभार कसा चालतो ते पाहू. ओपोलेला दोन कारभारी आहेत. पहिला वोयेवोदा. त्याला देशाचे पंतप्रधान नेमतात. तो सरकारचा माणूस. स्थानिक संस्थांचे ठराव कायद्याला धरून आहेत का ते पाहणं आणि पूर, वादळ अशा संकटात सगळ्या यंत्रणा हलवणं ही त्याची कामं. दुसरा मार्शल. तो लोकांच्या बाजूचा. लोक दर पाच वर्षांनी प्रांताची सभा निवडतात. तिला सेइमिक म्हणतात. ओपोलेच्या सेइमिकात ३० सभासद आहेत. ते पाच जणांचं कार्यकारी मंडळ निवडतात आणि मार्शल त्याचा प्रमुख असतो. प्रांताचे रस्ते, लोकल गाड्या, मोठी रुग्णालयं, संग्रहालयं आणि युरोपीय संघाकडून येणारा पैसा हे त्यांचं काम. कलेक्टर आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष अशी जोडी डोळ्यांसमोर आणली, तर थोडीफार कल्पना येईल.

प्रांताखाली पोव्ह्यात, म्हणजे जिल्ह्यासारखी पायरी. ओपोले शहर धरून असे १२ आहेत. हायस्कुलं त्यांच्याकडे. त्याखाली ७१ ग्मिना. नळाचं पाणी, बालवाडी, प्राथमिक शाळा, कचरा, म्हणजे बाईच्या रोजच्या दिवसाला भिडणारं जवळपास सगळं ग्मिनाकडे. सगळ्यांत खाली गाव, आणि गावसभेतून निवडलेला सोव्तिस. या जागेवर बायका खूप दिसतात. ग्मिनाने गावनिधी बाजूला ठेवला असेल, तर तो बाकड्यांवर खर्च करायचा की मुलांच्या खेळाच्या जागेवर, हे गावसभा ठरवते. वरच्या पायऱ्यांवर मात्र बायका कमी. २०११ पासून उमेदवारांच्या यादीत किमान ३५ टक्के स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. पण तो यादीपुरता. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागाच स्त्रियांसाठी राखीव असतात, तसं तिथे नाही.

हे सगळं कागदावर छान दिसतं. पण सत्ता कुठे थांबते तेही सांगायला हवं. १ जानेवारी २०१७ रोजी ओपोले शहराची हद्द वाढली. दोब्झेन व्येल्की या शेजारच्या ग्मिनाची काही गावं शहरात गेली आणि तिथलं मोठं वीजकेंद्रही गेलं. त्या वीजकेंद्राच्या करावर ग्मिनाची कितीतरी कामं चालत. लोकांनी विरोध केला, काही जण उपोषणाला बसले. निर्णय बदलला नाही, कारण हद्द ठरवण्याचा अधिकार वॉर्सामधल्या मंत्रिमंडळाचा. प्रांत वाचला तसं या गावांना आपली हद्द वाचवता आली नाही.

शाळेतही तेच. २००५ च्या कायद्यामुळे अल्पसंख्य जिथे पुरेसे आहेत त्या गावांच्या पाट्या दोन भाषांत लागल्या. पण सप्टेंबर २०२२ पासून जर्मन समाजाच्या मुलांचे भाषेचे तास आठवड्याला तीनऐवजी एक झाले. तो हुकूमही राजधानीचा. ते तास पुन्हा मिळायला सप्टेंबर २०२४ उजाडला.

त्याच सप्टेंबरात पुन्हा पूर आला. या प्रांतातल्या निसा गावी बांध ढासळू लागला, तेव्हा रहिवाशांनी रात्री रांग लावून हातोहात वाळूची पोती पोचवली. पुराच्या कामाचा प्रमुख वोयेवोदा असतो हे खरं, पण त्या रात्री तिथलीच माणसं बांधावर होती.

आज ओपोलेची चिंता वेगळी आहे. तरुण मुलं कामासाठी जर्मनीला जातात, गावं म्हातारी होत चालली आहेत. प्रांत टिकला, पण त्यात राहायला माणसं हवीत. म्हणून प्रांताच्या कारभाऱ्यांनी कुटुंबांसाठी आणि रोजगारासाठी खास योजना आखल्या.

मैत्रिणींनो, यातून आम्हाला एवढंच दिसतं. नकाशावरची रेघ वरून ओढली जाते, पण ती टिकते खालच्या माणसांमुळे. कुठला निर्णय कुठल्या पायरीवर होतो हे ज्या बाईला ठाऊक असतं, तिला अर्ज कुठे द्यायचा आणि आवाज कुठे चढवायचा हेही कळतं. पाण्याचा प्रश्न असो की शाळेचा, आधी ती पायरी ओळखा.